वाट बघायची, पण अडवायचं नाही

सकाळी ६.४०

रात्रभर चाललेल्या चाचण्यांचा निकाल आलाय. सगळ्या हिरव्या, एक लटकलेली. लाल नव्हे, लटकलेली. लाल चाचणी परवडते. काय बिनसलं ते ती निदान सांगते. लटकलेली चाचणी तोंडातून शब्द काढत नाही, शेवटी वेळ संपला म्हणून यंत्रणाच तिचा गळा आवळते. आज मात्र ही बातमी चांगली आहे. ती लटकावी म्हणूनच काल संध्याकाळी लिहून घेतली होती.

आमची लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये आहे. कामाचे छोटे तुकडे, म्हणजे टास्क, तिच्या हवाली करायचे. यंत्रात जितके कोअर, तितके वर्कर थ्रेड ती सुरू करते आणि टास्क त्यांच्यात वाटते. ज्याची रांग रिकामी झाली तो वर्कर शेजाऱ्याच्या रांगेतून काम पळवतो. आजवर टास्कला दोनच गोष्टी करता यायच्या: नवे टास्क जन्माला घालणं, आणि ते संपेपर्यंत थांबणं. आता वापरणाऱ्यांना तिसरी हवी आहे. एका चालू टास्कने दुसऱ्या चालू टास्कला मेसेज पाठवायचा. ऐकायला एवढंसं, आणि पाठवणं खरोखरच एवढंसं आहे. गोम आहे ती मेसेज आलेलाच नसेल तर घेणाऱ्याने काय करायचं, यात.

८.१५

विद्यापीठ चौकातली गर्दी. दुचाकीवर बसून विचार करायला पुण्यात याहून हमखास जागा नाही. इथून जवळच सी-डॅक आहे. १९८८ साली ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. अमेरिकेने क्रे यंत्र नाकारलं आणि आपण आपलं बनवलं, ही गोष्ट पुण्यात शाळकरी पोरंही सांगतात. त्या यंत्रातल्या चिपबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ती होती ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर, आणि माझं आजचं काम तिच्या सिलिकॉनमध्येच कोरलेलं होतं.

ट्रान्सप्युटरला मेसेज पाठवायची एक सूचना होती आणि घ्यायची एक. एकाच चिपवरच्या दोन प्रक्रियांमधलं चॅनेल म्हणजे मेमरीतला फक्त एक वर्ड. जो आधी पोचेल, मग तो पाठवणारा असो की घेणारा, त्याने त्या जागी स्वतःचा पत्ता लिहायचा आणि झोपायचं. दुसरा आला की त्याला तो पत्ता दिसतो, मजकूर इकडचा तिकडे होतो आणि पहिला पुन्हा कामाच्या रांगेत लागतो. झोपवणं-उठवणं सगळं चिपच करायची, ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंधच नाही. यामागचा विचार संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७८ च्या निबंधातला. त्यात प्रक्रिया एकमेकींना नावाने हाक मारायच्या. चॅनेल त्यांच्या १९८५ च्या पुस्तकात आलं.

हे इतकं सुटसुटीत जमायचं, कारण एका चिपवर एका क्षणी एकच प्रक्रिया चालायची. मला तेच करायचंय, पण त्या एका वर्डवर अनेक कोअर एकाच वेळी तुटून पडत असताना.

९.३०

स्टँडअप. ‘चॅनेल कधी?’ असा प्रश्न, ‘रिव्ह्यूला आज’ असं उत्तर. पुढे.

१०.००

दार लावून घेते. म्हणजे हेडफोन लावते. दारं ऑफिसातून केव्हाच गेली.

वापरणाऱ्यांनी आपापली वाट काढलीच होती. टास्कच्या आत म्युटेक्स, म्हणजे कुलूप, आणि कंडिशन व्हेरिएबल घालून घरगुती रांग बनवायची, ती रिकामी असेल तर थांबायचं. यात थांबतो तो टास्क नव्हे, ज्यावर तो चाललाय तो आख्खा वर्कर थ्रेड. आठ कोअरच्या लॅपटॉपवर वर्कर आठ. घेणारे आठ टास्क आधी सुरू झाले की आठही वर्कर वाट बघत बसले. पाठवणारा नववा टास्क रांगेत तयार उभा आहे, पण त्याला चालवायला वर्करच शिल्लक नाही. पंगतीत आठच पाट, आठांवरही जेवणारे बसलेले, आणि वाढप्यालाही पाट मिळाल्याशिवाय वाढता येणार नाही असा नियम, तशातली गत. गंमत अशी की हाच प्रोग्रॅम चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर बिनतक्रार पळतो. त्यामुळे तक्रार करणारा म्हणतो, ‘माझ्याकडे अडकतंय,’ आपण म्हणतो, ‘इथे तर चालतंय,’ आणि दोघंही खरं बोलत असतात.

यावर सोपा तोडगा म्हणजे वर्कर अडकला की नवा थ्रेड जन्माला घालायचा. जावाच्या फोर्क-जॉइन पूलमध्ये अशी सोय आहे. मला ती नको. लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी पत्ता-जागा राखली जाते. हजार टास्क वाट बघू लागले तर हजार थ्रेड, आणि मग कोअर कुणाला द्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार. मग आमच्या लायब्ररीची गरजच काय उरली?

पण खरी अडचण थ्रेडच्या संख्येहून खोल आहे. एमआयटीमध्ये नव्वदच्या दशकात चार्ल्स लायझरसन यांच्या गटाने सिल्क नावाची भाषा केली. काम पळवणाऱ्या आमच्यासारख्या सगळ्या लायब्रऱ्या तिच्या वंशातल्या. तिचा एक सुंदर गुण होता. प्रोग्रॅममधले समांतरपणाचे खास शब्द खोडले, तरी मागे साधा सरळ चालणारा, तेच उत्तर देणारा प्रोग्रॅम उरायचा. जन्म द्या आणि थांबा, एवढंच असेल तर कुठलाही प्रोग्रॅम एका वर्करवरही पूर्ण होतो. वर्कर वाढवले की फक्त लवकर होतो. ही हमी आम्ही इतकी वर्षं न बोलता देत आलो. मेसेज आले की ती जाते. दोन टास्क एकमेकांना उलटसुलट मेसेज पाठवत असतील, तर एक पुरता संपवून मग दुसरा घेणं शक्यच नाही. दोघांना आलटून पालटून चालवावं लागतं.

म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं: चॅनेलची प्रत्येक चाचणी एका वर्करवर पार पडलीच पाहिजे. वेग बघायला नाही, बरोबर-चूक ठरवायला. सकाळी लटकलेली चाचणी तीच आहे, जुन्या घरगुती पद्धतीने लिहिलेली. आता तीच नव्या चॅनेलवर लिहून हिरवी करायची.

म्हणजे थ्रेड न अडवता टास्क थांबवायचा. सी प्लस प्लसच्या २०२० च्या आवृत्तीत यासाठी को-रूटीन आली. कंपाइलर टास्कचे सगळे स्थानिक व्हेरिएबल थ्रेडच्या स्टॅकवर न ठेवता वेगळ्या फ्रेममध्ये ठेवतो, सहसा हीपवर. मेसेज नसेल तर त्या फ्रेमचा हँडल चॅनेलच्या प्रतीक्षायादीत टाकायचा आणि वर्करने दुसरं काम उचलायचं. याची किंमत अशी की तिसऱ्या वर्करवर झोपलेला टास्क पाचव्यावर उठू शकतो. थ्रेडपुरत्या राखलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं काहीही मग परक्याचं असतं. म्युटेक्स हातात धरून मेसेजची वाट बघितली तर त्याहून वाईट: ज्या थ्रेडने कुलूप लावलं त्यानेच ते उघडायचं, हा भाषेचा नियम आहे, आणि तो मोडल्यावर काय होईल याची जबाबदारी कुणी घेत नाही. ही दोन वाक्यं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत जाणार.

११.२०

आता फट. घेणारा बघतो: रांग रिकामी. तो ‘मी थांबलोय’ अशी नोंद करायला निघतो. तेवढ्यात पाठवणारा येतो, मेसेज ठेवतो, कुणी थांबलंय का बघतो. नोंद अजून झालेली नाही, म्हणून तो आपल्या वाटेने जातो. मग घेणारा नोंद करतो आणि झोपतो. मेसेज रांगेत, घेणारा झोपेत, आणि त्याला उठवायला आता कुणीही येणार नाही.

कुणालाही सुचेल असा उपाय: घेणाऱ्याने आधी नोंद करायची, मग रांग पुन्हा बघायची. पाठवणाऱ्याने आधी मेसेज ठेवायचा, मग नोंद बघायची. कागदावर हे पक्कं आहे, दोघांपैकी एकाला तरी दुसरा दिसणारच. प्रोसेसरवर तसं नाही. प्रत्येक कोअर आपलं लिखाण आधी स्वतःच्या स्टोअर बफरमध्ये ठेवतो, आणि ते बाहेर पोचण्याआधी पुढचं वाचन उरकून घेऊ शकतो. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर क्रमाच्या बाबतीत कडक समजले जातात, पण नेमकी एवढी एक अदलाबदल तेही करतात. मग दोघांनी लिहिलं, दोघांनी जुनंच वाचलं, दोघांची चुकामूक झाली. मध्ये पूर्ण फेन्स घालावा लागतो, म्हणजे आधीचं लिखाण बाहेर पोचल्याशिवाय पुढचं वाचन नाही. आर्म प्रोसेसर याहून सैल, आणि आता बरेच लॅपटॉप तिकडे चाललेत.

हे सगळं बिनलॉक करता येतं आणि करून दाखवण्याचा मोह जबर असतो. ‘लॉक-फ्री’ म्हटलं की तरुण मंडळींचे डोळे लकाकतात, माझेही लकाकायचे. पण गो भाषेच्या चॅनेलच्या पोटात साधा लॉक आहे आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. लॉकच्या आत ‘रांग बघणं’ आणि ‘नोंद करणं’ ही एकच कृती होते आणि फट बुजते. लॉक धरायचा तोही मोजक्या सूचनांपुरता. उद्या मोजमापात तोच अडसर दिसला तर बदलू. आज लॉक.

लिहिते. पावणेएकपर्यंत पाठवणं, घेणं आणि प्रतीक्षायादी उभी राहते. एका वर्करवरची ती चाचणी हिरवी होते.

१.००

डबा. मेथीची भाजी, आणि शेजारच्या टीमची भरतीबद्दलची गाऱ्हाणी.

२.००

जर्मनीतल्या एका गटाशी कॉल. तिकडे सकाळ आहे. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेऱ्यातून प्रतिमा येतात, त्या उलगडायच्या, गाळायच्या, डिस्कवर लिहायच्या. हे चार टप्पे त्यांना चार टास्क म्हणून हवेत.

पहिला प्रश्न अपेक्षित: ‘यासाठी एमपीआय आहे ना?’ आहे, १९९४ पासून प्रमाणित आहे आणि आपल्या जागी उत्तम आहे. पण ती मुळात स्वतंत्र मेमरी असलेल्या प्रक्रियांसाठी, बहुधा वेगवेगळ्या यंत्रांवरच्या. तिथे बाइट पाठवावे लागतात. इथे चारही टास्क एकाच मेमरीत राहतात. एवढी मोठी प्रतिमा हलवायचीच कशाला? तिचा पॉइंटर दिला की झालं. अट एकच: पाठवणाऱ्याने पाठवल्यावर तिला हात लावायचा नाही. आमचं चॅनेल म्हणून मूल्य ‘मूव्ह’ करून घेतं. एकमेव मालकीचा पॉइंटर दिला की पाठवणाऱ्याच्या हाती रिकामं खोकं उरतं. प्रतिमा एका वेळी एकाच टास्ककडे असेल तर तिच्यावर लॉक लागत नाही. मला विचाराल तर मेसेजचा निम्मा फायदा निरोप पोचण्यात नाही, मालकी बदलण्यात आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर वाद. त्यांना अमर्याद रांग हवी: ‘पाठवणाऱ्याने कधीच थांबू नये.’ एरलँगमध्ये तसं आहे. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये जन्मलेल्या त्या भाषेत प्रत्येक प्रक्रियेची टपालपेटी अमर्याद असते, आणि छोट्या निरोपांना ते शोभतं. इथे कॅमेरा डिस्कपेक्षा वेगवान आहे आणि निरोप म्हणजे आख्खी प्रतिमा. अमर्याद रांग ही मेमरी संपेपर्यंतच अमर्याद असते. त्यानंतर लिनक्स एखाद्या प्रक्रियेचा बळी घेतं, आणि तो बळी आपलाच असतो. मी ठाम: चॅनेल बनवताना क्षमता सांगावीच लागेल, गप्प राहण्याची सोय नाही. रांग भरली की पाठवणाराही घेणाऱ्यासारखाच झोपेल, वर्कर न अडवता.

‘पण कॅमेऱ्याला थांब म्हणता येत नाही.’ हे मात्र खरं. त्यासाठी पाठवण्याचा दुसरा प्रकार: जागा असेल तर ठेवतो, नसेल तर लगेच ‘नाही’ म्हणतो. मग कोणती प्रतिमा सोडून द्यायची हे त्यांनी ठरवायचं. लायब्ररीने गुपचूप प्रतिमा गाळणं मला पटत नाही, आणि फोनवरच्या लांबलेल्या शांततेनंतर त्यांनाही पटलं असावं.

३.३०

टीममधल्या सोलापूरच्या मुलाबरोबर रिव्ह्यू. हुशार आहे, आणि ऑफिसात मला ‘ताई’ म्हणणारा तो एकटाच. टास्क झोपवणारं फंक्शन त्याने पूर्ण केलंय. लॉक घेतला, हँडल यादीत टाकला, लॉक सोडला, आणि शेवटच्या ओळीत किती वेळा झोपलो याचा आकडा एकाने वाढवला. तो आकडा, ज्यावर हे फंक्शन चालतंय त्याच ऑब्जेक्टमध्ये आहे.

“लॉक सोडला त्या क्षणी हा ऑब्जेक्ट कुणाचा?” मी विचारते.

“आपलाच की, ताई. फंक्शन अजून परतलंच नाही.”

“परतायची कोण वाट बघतंय?”

तो थांबतो. हँडल यादीत गेला आणि लॉक सुटला की दुसऱ्या कोअरवरचा पाठवणारा तो उचलू शकतो, टास्क तिथेच पुढे चालवू शकतो. टास्क संपूही शकतो. संपला की त्याची फ्रेम मोडली, आणि हा ऑब्जेक्ट त्या फ्रेमच्या आत राहत होता. आपण इकडे अजून ‘झोपवणाऱ्या’ फंक्शनच्या शेवटच्या ओळीवर, आणि ज्याला झोपवत होतो तो उठून, काम संपवून, गेलासुद्धा.

“मग झोपवून झाल्यावर काहीच करायचं नाही?”

“काहीच नाही. सरळ परतायचं. आकडा लॉकच्या आत वाढव, हँडल टाकायच्या आधी.”

अशा गोष्टी यंत्राने पकडाव्यात असं वाटतं, आणि पुष्कळदा ते पकडतंही. पण अशा चुका शोधणारा थ्रेड-सॅनिटायझर घालून प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट सावकाश चालतो, आणि सावकाश चालला की ज्या फटीत गडबड होते ती फटच बदलते. म्हणून चाचणीच्या बिल्डमध्ये लॉक सोडल्यानंतरच्या ओळीवर मुद्दाम एक छोटी डुलकी घालायची. फट रुंद केली की बग आपणहून चालत येतो. मुलाला ही युक्ती आवडली. पुढचा सगळा वेळ तो कुठे कुठे डुलक्या घालता येतील ते शोधत होता.

५.००

चहानंतर आवडीचं काम. घेणाऱ्याला उठवलं तर त्याला बसवायचं कोणाच्या रांगेत?

तो पूर्वी ज्या वर्करवर होता तिथे, हे न्याय्य वाटतं. पण मेसेज आत्ताच पाठवणाऱ्याच्या कोअरने लिहिलाय, म्हणजे तो त्याच कोअरच्या कॅशमध्ये गरम आहे. घेणाऱ्याला तिथेच, पाठवणाऱ्याच्या पाठोपाठ चालवलं तर मेसेज दुसऱ्या कोअरकडे ओढावा लागत नाही. गोच्या शेड्युलरमध्ये ‘यानंतर हाच’ अशी एक राखीव जागा प्रत्येक प्रोसेसरमागे आहे. रस्टच्या टोकिओनेही २०१९ मध्ये शेड्युलर नव्याने लिहिला तेव्हा तशीच जागा ठेवली. आम्हीही ठेवली. दोन टास्कमध्ये मेसेज टोलवत ठेवणारी आमची मोजमाप-चाचणी त्याने लक्षणीय वेगवान झाली.

आणि लगेच दुसरी चाचणी उपाशी राहिली. असे दोघं मेसेज टोलवत बसले की राखीव जागेतून आलटून पालटून तेच दोघं येतात. त्या वर्करच्या रांगेतले बाकीचे बघत राहतात. राखीव जागेतून सलग किती वेळा उचलायचं याला मर्यादा हवी. आकडा किती, यावर कुठलाही सिद्धान्त नाही. छोटा ठेवला.

आणखी एक किरकोळ: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा निर्देशांक एकाच ६४ बाइटच्या कॅश-ओळीत शेजारी आले तर दोन कोअर ती ओळ एकमेकांकडून हिसकावत राहतात. वेगळ्या ओळींवर ठेवले. अॅपलच्या चिपवर ओळ १२८ बाइटची, म्हणून तिथे तेवढं अंतर.

६.४५

चॅनेल बंद करण्याचे नियम. नवं पाठवणं नामंजूर. रांगेत उरलेलं घेणाऱ्यांना मिळणार. रांग संपली की घेणाऱ्याला ‘आता काही येणार नाही’ असं कळणार. झोपलेल्या सगळ्यांना उठवायचं. बंद चॅनेलवर पाठवलं तर गोमध्ये प्रोग्रॅम पॅनिक होतो. मला ते फार रागीट वाटतं, म्हणून आमच्याकडे पाठवणं नुसतं ‘नाही’ म्हणतं. रिव्ह्यूत यावर भांडण होणार आणि ते व्हायला हवं. पॅच चढवला.

रात्री ९.१५

पोळ्या झाल्या, घरातला टीव्ही चालू, मी फोनवर रिव्ह्यूचे शेरे वाचतेय. बंगळुरूच्या सहकाऱ्याने एकच ओळ लिहिली आहे: सिलेक्ट कुठाय? म्हणजे अनेक चॅनेलवर एकदम वाट बघायची, ज्यावर पहिला मेसेज येईल तो घ्यायचा.

उत्तर लिहिलं. सिलेक्टमध्ये एकच टास्क अनेक प्रतीक्षायाद्यांत उभा राहतो. दोन पाठवणारे एकाच क्षणी आले तर त्याला एकानेच उठवलं पाहिजे, दुसऱ्याने आपला मेसेज परत रांगेत ठेवला पाहिजे. त्यासाठी अनेक लॉक एकदम धरावे लागतात, आणि दोन टास्कनी ते उलट्या क्रमाने धरले की नवा डेडलॉक. गो ते चॅनेलच्या पत्त्यांच्या क्रमाने धरून सोडवतं. आपणही तसंच करू, पण या आवृत्तीत नाही. तोवर अनेक पाठवणाऱ्यांनी एकाच चॅनेलवर वेगवेगळ्या प्रकारचे मेसेज व्हेरियंटमध्ये घालून पाठवावेत, बहुतेकांचं भागेल.

दोन मिनिटांत त्याचं उत्तर: ‘पटलं. मग निदान टाइमआउट तरी दे.’

टाइमआउट म्हणजे एका बाजूला चॅनेल आणि दुसऱ्या बाजूला घड्याळ धरून केलेला सिलेक्टच. तसं लिहून फोन चार्जिंगला लावला.